लकडगंजातून सागवानी मेन डोअर: लाकूड मस्त, सुतार चांगला, पॉलिशवाला नको रे बाप्पा

आधी निकाल सांगून टाकतो, ज्याला वेळ असेल त्याने पुढचं वाचा. नागपुरात लकडगंजच्या टिंबर मार्केटमधून घराच्या मेन डोअरसाठी लाकूड स्वतः निवडून घेतलं, पाचपैकी साडेचार. सुताराच्या कारखान्यात चौकट आणि पल्ला, म्हणजे उघडझाप होणारा भाग, बनवून घेतला, पाचपैकी चार. पॉलिशचं काम ज्या ठेकेदाराला दिलं त्याला दोन, आणि ते दोन पण त्याच्या हाताखालच्या पोराचे आहेत, त्याचे नाहीत. तिघांचीही नावं टाकत नाही, विचारू नका.

आमचं घर साउथ नागपुरात बेसा साइडला, दार पश्चिमेला, समोर रस्ता आणि त्याच्या पलीकडे रिकामा प्लॉट. म्हणजे दुपारी दोनपासून दिवस बुडेपर्यंत ऊन डायरेक्ट दारावर. हे आधीच सांगतो कारण ज्यांचं दार उत्तरेला आहे किंवा ज्यांच्या दारावर चांगला चार-पाच फुटांचा पोर्च आहे त्यांना एवढं डोकं लावायची काहीच गरज नाही. साधं नीट बनवलेलं दार घ्या, साधं पॉलिश मारा, मजेत राहा. हा रिव्ह्यू उन्हातल्या दारवाल्यांसाठी आहे.

यूट्यूबवर पुण्या-मुंबईचे लोक बाहेरच्या दाराबद्दल बोलतात तेव्हा सगळा भर पावसावर असतो. आपल्याकडे दाराला पावसाने जेवढं होत नाही तेवढं उन्हाने होते. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ डिग्री गेलं होतं, ते सोडा, रेकॉर्ड होतं, पण नवतपात, म्हणजे मे संपतानाच्या त्या भट्टीसारख्या नऊ दिवसांत, ४४-४५ म्हणजे दरवर्षीचंच. आणि हा आकडा सावलीतला असतो बरं का. गडद रंगाच्या दारावर ऊन पडलं की दाराचं अंग साठ-सत्तर डिग्रीला आरामात जाते, मे महिन्यात चार वाजता हात लावून पाहा, लगेच काढून घ्याल.

त्यात आपला कूलर. ही गोष्ट मला लकडगंजातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सांगितली आणि नंतर जिकडेतिकडे दिसायला लागली. बाहेर लू चालू आहे, हवेत ओलावा नावालाही नाही, आणि आत हॉलमध्ये कूलर दिवसरात्र ओली हवा फेकून राहिला आहे. म्हणजे एकाच दाराची बाहेरची बाजू वाळून आकसते आणि आतली बाजू ओलावा पिऊन फुगते. मग दार वाकणार नाही तर काय होईल? वरचा आणि खालचा कोपरा बाहेर ओढला जातो, मधला भाग आत येतो, आणि मग कडी लावताना खांद्याने दार ढकलावं लागते. लोक म्हणतात सुताराने दार वाकडं बनवलं. अरे बाबा, सुताराने सरळच दिलं होतं, तुझ्या कूलरने वाकवलं! मग जूनमध्ये पाऊस आला की पूर्ण पल्ला रुंदीत फुगतो, जुलै-ऑगस्टमध्ये चौकटीला घासते, कोणीतरी रंधा मारून देते, आणि पुढच्या मे महिन्यात तिथूनच बाहेरचा उजेड दिसते. हे चक्र आपल्याकडे प्रत्येक गल्लीत एका तरी घरी चालू आहे.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, हलते ते रुंदीत. म्हणून अख्ख्या फळ्या जोडून केलेलं सपाट दार दिसायला कितीही भारी असलं तरी पश्चिमेच्या उन्हात नको, पॅनल डोअर घ्या, त्यात मधलं पॅनल खोबणीत मोकळं बसवलेलं असते, ते आतल्या आत फुगते-आकसते आणि बाहेरचा सांगाडा जागेवर राहते. पण इथे एक पेच आहे. पुष्कळ सुतार ते पॅनल खोबणीत फेविकॉलने चिकटवून टाकतात, खडखड वाजू नये म्हणून. चिकटवलं की मोकळं राहिलं कुठे, मग पॅनल मधोमध तडकते. आमच्या सुताराला मी हे आधीच बोललो तर तो थोडा रागावला, म्हणे साहेब आम्ही बापजाद्यापासून करून राहिलो. पण चिकटवलं नाही त्याने, हे खरं.

लकडगंजकडे वळायच्या आधी बाकीचे पर्याय मी का सोडले ते पटकन सांगतो.

व्हिनियरवालं फ्लश डोअर, म्हणजे सपाट दार आणि वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा: आमच्याच लाइनमध्ये एका घरी आहे, गडद वॉलनट रंगाचं, वास्तुशांतीला सगळ्यांनी त्याच्यासोबत फोटो काढले. वरचा सागाचा पापुद्रा अर्ध्या मिलीमीटरच्या आसपासचा असतो, दोन उन्हाळ्यात तो खालून सुटायला लागला आणि एकदा सुटला की रिपेअर नाही. घरातल्या खोल्यांना फ्लश डोअर बेस्ट, त्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस २२०२ पाहून घ्या, बाहेर लावायचंच असेल तर ३५ मिमी जाड घ्या आणि सावलीतच लावा. सनमायका तेच, उन्हात कडा उचलतात. मेम्ब्रेनचं दार म्हणजे वरून प्लास्टिकचा पापुद्रा आणि आत एमडीएफ, म्हणजे दाबलेला लाकडाचा भुगा, त्याच्याबद्दल बाहेरच्या दाराच्या गोष्टीत बोलायचंच नाही. डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेलं, त्याला वाळवी लागत नाही, पाण्याने फुगत नाही, बाथरूमला एक नंबर, पण शेवटी ते प्लास्टिकच आहे, उष्णतेने मऊ पडते आणि लांबीतही वाढते, पश्चिमेच्या उन्हात गडद रंगाचं डब्ल्यूपीसी दार म्हणजे पैसे देऊन धनुष्य विकत घेणं.

स्टीलच्या दाराचा मात्र मी सिरियसली विचार केला होता. टाटा प्रवेश वगैरे लाकडासारख्या दिसणाऱ्या फिनिशमध्ये येतात, वाळवीचं टेन्शन नाही, फुगणं-आकसणं नाही, पॉलिशवाल्याचं तोंड पाहायची गरज नाही. ज्याला देखभाल करायचा कंटाळा आहे त्याने सरळ तेच घ्यावं, मी मनापासून सांगतो. आमच्याकडे बाबांनी नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं, आपण चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाच्या दारात राहणारी माणसं, बाहेरून लोक इथलं लाकूड नेतात आणि आपण पत्र्याचं दार लावायचं का. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर लकडगंज. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शहराच्या पूर्व भागात आहे, नावातच लाकूड आहे, लाकडाची दुकानं, आरा मशीन, सुतारांचे कारखाने सगळं एकमेकांना चिकटून. सकाळी जा, दुपारी गर्दी आणि धूळ दोन्ही वाढतात. गाडी लांब लावा, ट्रक रिव्हर्स येताना कोणाचंही ऐकत नाहीत.

प्रत्येक दुकानात पहिला डायलॉग एकच: 'भाऊ, राम मंदिराला गेलं ना, तेच लाकूड आहे हे.' आता ही गोष्ट खरी आहे की २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारशाहून अयोध्येला सागवान गेलं, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या नव्या संसद भवनातही नागपूरचं सागवान लागलं. पण म्हणून लकडगंजातली प्रत्येक फळी बल्लारशाहची होत नाही. बाजारात घाना, टांझानिया, दक्षिण अमेरिका इथून आलेलं लागवडीचं सागवान पण भरपूर आहे. ते वाईट असते असं नाही, पण ते पटकन वाढलेलं झाड, रेषा एकमेकींपासून लांब-लांब, रंग फिका, गाठी जास्त, आणि भाव कमी पाहिजे. बर्मा टीक म्हणून कोणी जास्त भाव सांगत असेल तर जरा थांबा, म्यानमारने अख्खे ओंडके बाहेर पाठवणं २०१४ लाच बंद केलं. सीपी टीक म्हणजे आपलंच, जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सचं नाव अजून बाजारात चालते.

लाकूड कसं पाहायचं? पहिलं म्हणजे वरून पाहून काहीच कळत नाही, सगळ्याच फळ्या धुळीने सारख्याच मातकट दिसतात. एक कोपरा रंध्याने साफ करून मागा. चांगला दुकानदार लगेच करून देते, जो 'काहून शक घेऊन राहिले साहेब' म्हणते त्याचं दुकान सोडून पुढे जा. आत सोनेरी तपकिरी रंग, मधूनमधून काळसर रेषा, हाताला थोडं तेलकट लागणं आणि तो कातड्यासारखा वास. कडेला जो पांढरट भाग असतो तो झाडाचा बाहेरचा भाग, त्याला वाळवी पण लागते आणि भुंगा पण. सागाला वाळवी लागत नाही हे जे आपण म्हणतो ते फक्त आतल्या पक्क्या लाकडाबद्दल खरं आहे. काही जण पांढरट भागावर रंगाचा हात फिरवून ठेवतात, म्हणून पण रंधा.

दुसरं, ओलावा. ऑनलाइन छोटं मॉइश्चर मीटर मिळते, दोन पिना लाकडात टोचायच्या, आकडा दिसते. दारासाठी १० ते १२ टक्क्यांच्या आसपास पाहिजे. मी ते खिशातून काढलं तर दुकानातले काका हसले, म्हणे डॉक्टर आले. पण एका दुकानात 'तीन वर्ष वाळवलेलं' म्हणून सांगितलेल्या जाड नगात अठराच्या वर आकडा आला, तिथे मग कोणी हसलं नाही. अठरावालं लाकूड चौकटीत लावलं आणि समोर एप्रिल-मे आला की तडे गेलेच समजा.

तिसरं, मोजमाप. इथे लोक फसतात कारण हिशोब घनफुटात असतो आणि आपल्याला फूट-इंचाचीच सवय. सूत्र सोपं आहे, लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हीचा गुणाकार भागिले १४४. माझी चौकट ५ बाय ३ इंचाची, दोन उभे ७ फुटी आणि वरचा ४ फुटी, मिळून १८ फूट, म्हणजे १८ गुणिले ५ गुणिले ३ भागिले १४४, पावणेदोनच्या थोडं वर, १.८७ घनफूट. पल्ला ७ बाय साडेतीन फूट, दीड इंच जाड, ३.०६ घनफूट. दोन्ही मिळून पाचच्या आत, पण कापताना-रंधताना जाते ते वेगळं, वीस-पंचवीस टक्के तरी जास्त धरा. हा कागद खिशात असला की दुकानदाराने सव्वाआठ घनफूट सांगितलं तर तुम्ही विचारू शकता की बाकीचं कुठे जाणार आहे. भाव जागेवर विचारा, लांबी आणि रुंदीप्रमाणे एकाच ढिगात भाव बदलतो, लांब आणि रुंद नग महाग. आणि मोजणी कापायच्या आधीची की नंतरची, जीएसटी धरून की सोडून, हे दोन प्रश्न भाव ठरवायच्या आधी विचारायचे, नंतर नाही.

चौकटीला काही जण बिजाचं लाकूड सुचवतात, स्वस्त पडते आणि मजबूत आहे, जुन्या घरांत पुष्कळ सापडते. सावलीतल्या दाराला बिलकुल चालेल. मी दोन्ही सागवानीच केलं कारण उन्हात चौकट एक लाकूड आणि पल्ला दुसरं, दोघांचं हलणं वेगळं, सांधा वेगळा दिसते. हे माझं मत आहे, सुताराचं मत वेगळं होतं.

ज्या दुकानातून घेतलं त्यांना साडेचार का? कारण त्यांनी फळ्या मला उलटून-पालटून पाहू दिल्या, आऱ्यावर माझ्यासमोर कापल्या, एक फळी आतून फुटकी निघाली तर न भांडता बदलून दिली, आणि पक्कं बिल दिलं. अर्धा मार्क कापला कारण डिलिव्हरीच्या टेम्पोवाल्याने लाकूड उन्हात उघड्यावर उतरवून दिलं आणि हमालीसाठी वेगळी घासाघीस केली, ती आधी बोलायला पाहिजे होती.

सुतार. कारखाना तिथेच मागच्या गल्लीत, चार-पाच माणसं, मशीन पण आहे आणि हातकाम पण. मला त्याचं सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे सांधे. खाचेत बसवून वरून बांबूच्या खुंट्या मारल्या, खिळा कुठेच नाही. दुसरं म्हणजे त्याने मला नक्षीपासून वाचवलं. बायकोला मधल्या पॅनलवर मोर पाहिजे होता, इकडे बहुतेक कारखान्यात आता सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरायच्या मशीनवर, मोर, गणपती, कलश काय पाहिजे ते काढून देतात. तो म्हणाला, 'वहिनी, आतल्या बाजूला काढून देतो, बाहेरून नको, खाचेत धूळ बसते, पाणी थांबते, अन् पॉलिश सगळ्यात आधी तिथूनच उडते.' तर आमचा मोर आतून आहे, आम्ही घरात बसून पाहतो, पाहुण्यांना जाताना दिसते. बाहेरून साधी सहा पॅनल, कडा थोड्या उतरत्या, म्हणजे पाणी थांबत नाही.

एक मार्क कमी कारण टायमिंग. दसऱ्याला देतो म्हणाला, दिवाळी झाली तरी पल्ला कारखान्यातच उभा. आणि फोन उचलायचा नाही. पण खरं सांगू का, त्यामुळे एक फायदा झाला की दार लागलं नोव्हेंबरच्या शेवटी, आणि नागपुरात दार लावायला आणि पॉलिश करायला तोच टाइम बेस्ट आहे. मे महिन्यात लावलं तर लाकूड पूर्ण आकसलेलं असते, तेव्हा फट बरोबर ठेवली तर ऑगस्टमध्ये दार अडकणार. ऑगस्टमध्ये लावलं तर मे महिन्यात उजेड. हिवाळ्यात लाकूड मधल्या अवस्थेत असते, तेव्हा दोन्हीकडून दोन-तीन मिलीमीटर फट ठेवली की दोन्ही ऋतूंत निभते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बस.

वजन सांगायचं राहिलं. तीन घनफूट सागवान म्हणजे पन्नास किलोच्या वर. तीन बिजागऱ्यांवर सोडू नका, चार लावा, पाच इंची, स्टेनलेस घेत असाल तर ३०४ ग्रेड मागा किंवा सरळ पितळी. कुलूप आमचं गोदरेजचं मॉर्टिस, म्हणजे दाराच्या जाडीत खाच पाडून बसवायचं, जास्त लिहिण्यासारखं काही नाही, चालते. डिजिटल लॉक उन्हाच्या बाजूला लावायची मला हिंमत झाली नाही.

आता पॉलिश. याच्यावर जरा जास्त लिहितो कारण लोक लाकडावर चाळीस हजार घालतात आणि पॉलिशवर म्हणतात कोणीही करून देईल.

बाजारात साधारण तीन गोष्टी ऐकायला मिळतात. लाखेचं जुनं पॉलिश, म्हणजे चपडा, दिसायला अतिशय सुंदर, पण ऊन आणि पाणी दोन्ही सहन होत नाही, फर्निचरसाठी ठेवा. मेलामाइन, कडक आणि चकचकीत, पण तेही आतल्या वापराचं, बाहेर ऊन लागलं की पिवळं पडते आणि चिरते. आणि पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, त्यातही इंटिरियर वेगळं आणि एक्स्टीरियर वेगळं, एक्स्टीरियरमध्ये ऊन अडवायची औषधं टाकलेली असतात आणि थोडी लवचीकता असते म्हणून लाकडासोबत हलते. डब्यावर एक्स्टीरियर लिहिलेलं नसेल तर ते एक्स्टीरियर नाही, पॉलिशवाला काहीही सांगो.

अजून एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. एकदम पारदर्शक फिनिश सगळ्यात कमी टिकते. ऊन पॉलिशच्या आरपार जाऊन लाकडाला लागते, लाकडाच्या वरच्या थराला धरून ठेवणारं जे द्रव्य असते तेच तुटते, मग वरची फिल्म धरायला खाली काही उरतच नाही आणि ती पापडासारखी सुटते. थोडा रंग असलेला स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, असला तर तो रंगच ऊन अडवते. पण फार गडद केलं तर दार तापते. म्हणून मध्यम, मधासारखा रंग. आमच्या पश्चिमेच्या दाराला तोच केला आणि वॉलनट-वॉलनट करणाऱ्या सगळ्या नातेवाइकांना चहा पाजून परत पाठवलं.

ठेकेदाराशी बोलणं झालं होतं एक्स्टीरियर पीयूचं, आधी चांगलं घासायचं, १२० मग १८० मग २२० चा कागद, सागवान तेलकट असते म्हणून कोट मारायच्या आधी थिनरने पुसून घ्यायचं, मग स्टेन, मग लाकडाची छिद्रं भरणारा सीलर, मग हलकं घासून टॉप कोट तीन. पैसे त्या हिशोबाने ठरले. पहिल्या दिवशी डबे उतरवले तर सीलर बरोबर आणि टॉप कोटच्या नावाने मेलामाइन! विचारलं तर म्हणे 'साहेब सेम टू सेम आहे, सगळीकडे हेच मारतो.' मी डबा परत पाठवला, दुसऱ्या दिवशी बरोबर माल आला, आणि त्याचं तोंड पूर्ण काम होईपर्यंत वाकडं. हा माणूस खोटारडा आहे असं मी म्हणत नाही, बहुतेक त्याला खरंच फरक माहीत नसावा, पण पैसे मात्र फरकाचेच घेत होता.

मग कडा. दाराला सहा बाजू असतात, समोरची, मागची, दोन उभ्या कडा, वरची कड आणि खालची कड. पॉलिशवाले चार करतात. वरची दिसत नाही, खालची तर कोणीच पाहत नाही, आणि लाकूड ओलावा सगळ्यात जास्त पिते तिथूनच, कारण उभ्या पट्ट्यांचे तोंड तिथे उघडे असतात, नळीसारखं पाणी चढते. आपल्याकडे रोज सकाळी उंबरठा धुतात, हळदीकुंकू वाहतात, ते पाणी कुठे जाते? तर खालच्या कडेला कमीत कमी तेवढेच कोट पाहिजेत जेवढे समोर आहेत, आणि आत-बाहेर दोन्ही बाजूंना सारखे, नाहीतर तो कूलरवाला प्रकार अजून वाढते. कुलपासाठी पाडलेली खाच आणि बिजागरीच्या खाचा पण सील करायच्या. हे सगळं दार टांगायच्या आधी, आडवं ठेवून करायचं असते. ठेकेदार म्हणे आधी टांगू मग मारू, टांगल्यावर खालून ब्रश कसा घालणार हे त्याने सांगितलं नाही. त्याच्याकडे जो पोरगा होता, वीस-बावीसचा असेल, त्याने मात्र शेठ गेल्यावर पल्ला दोन लाकडी घोड्यांवर आडवा टाकला आणि खालची कड, वरची कड, खाचा सगळं ब्रशने दोन-दोन वेळा भरून दिलं. वरचे दोन मार्क त्याचे.

स्प्रे मारायची वेळ सकाळची पाहिजे. दुपारी गरम हवेत थिनर दारावर पोचायच्या आधीच उडते आणि अंग खरखरीत होते, संत्र्याच्या सालीसारखे ठिपके येतात, संत्रानगरी झाली म्हणून काय दारावर पण संत्रं पाहिजे का. पावसाळ्यात उलटं, ओलाव्याने पांढुरकी झाक येते. आमच्याकडे तिसरा कोट भर दुपारी मारला, मी ऑफिसला होतो, त्यामुळे उजव्या खालच्या पॅनलवर ते ठिपके आहेत, तिरपं ऊन पडलं की दिसतात. घासून परत मारून देतो म्हणाला होता. फोन लागत नाही.

ज्यांना ही फिल्मची भानगडच नको त्यांनी जवसाच्या तेलाचा विचार करा, 'बॉइल्ड' म्हणून तयार मिळते ते, घरी उकळायचं नाही, पातळ हातांनी, जास्तीचं पुसून. चकाकी येत नाही आणि उन्हातल्या दाराला दरवर्षी हात मारावा लागते, पण सोलत नाही, घासायचं काम नाही, घरचा माणूस रविवारी करू शकते. फक्त तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप गरम होऊन पेट घेतात, ही अफवा नाही, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

महाल-इतवारीत जुन्या वाड्यांची दारं अजून उभी आहेत ना, लोक म्हणतात पहिलेचं लाकूडच वेगळं. लाकूड चांगलं होतंच, पण जरा पाहा, ती दारं भिंतीत किती आत बसवलेली असतात, वर माडी, समोर ओसरी. त्यांच्यावर ऊन पडतच नव्हतं. आपण आता दार भिंतीच्या बाहेरच्या कडेला आणून बसवतो, वर नऊ इंचाचा छज्जा, आणि मग पॉलिशला दोष देतो. माझ्या पूर्ण खर्चात, म्हणजे लाकूड, सुतारी, पॉलिश, कुलूप-बिजागऱ्या धरून साठ हजाराच्या वर जे गेले त्यात, सगळ्यात वसूल झालेला खर्च कुठला विचाराल तर नंतर लावलेलं साडेतीन फुटी पॉलिकार्बोनेट शेड. ते लागल्यापासून निदान वरच्या अर्ध्या दारावर चारपर्यंत सावली असते. घर बांधून राहिले असाल तर आर्किटेक्टला नक्षी नाही, पोर्च मागा.

दाराने आतापर्यंत एक पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा काढला आहे. पल्ला सरळ आहे, मे महिन्यात वरच्या कोपऱ्यात थोडी हालचाल दिसली, पावसाळ्यात ती गेली. ऑगस्टमध्ये अडकलं नाही. रंग खालच्या भागात किंचित उतरला आहे, जिथपर्यंत शेडची सावली पोचत नाही. दर हिवाळ्यात बारीक कागदाने हलकं घासून एक्स्टीरियर पीयूचा एक कोट मारायचा असं ठरवलं आहे, सोलायला लागायच्या आधी मारला तर एका सकाळचं काम आहे, सोलल्यावर अख्खं दार खरवडावं लागते. आणि तोरणासाठी चौकटीत खिळे ठोकू नका, प्रत्येक खिळा म्हणजे पाण्याला दिलेलं भोक, आमच्याकडे वर पितळी हुक सुरुवातीलाच सील करून लावून घेतले, दसरा-पाडवा त्यावरच होतो.

सध्या बाहेरून जाळीचा दरवाजा लावायचं चालू आहे, डासांसाठी. ॲल्युमिनियमचा घेतोय, पण पल्ला आणि जाळीच्या मध्ये हवा खेळती राहील असाच, काच लावलेला नाही, कारण काचेच्या मागे पश्चिमेचं ऊन कोंडलं तर पीयूचे फोड येतात. कोणाला साउथ नागपूरकडे चांगला जाळीवाला माहीत असेल तर सांगा, फोन उचलणारा पाहिजे.